मिठागरावरचे पाहुणे

ठाणे,
१८ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. ठमाआत्यास,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझी सूनबाई हेमा तुझी रोज आठवण काढते, म्हणजे तुझ्या सुक्या बोंबलांची काढते.

आज एक मोठी गोष्ट लिहायची आहे. चुलीवर काही असेल तर आधी उतरव आणि मग वाच.

आमच्या छापखान्यात मुंबईच्या कचेऱ्यांतली माणसं पत्रिका, हँडबिलं छापायला येतात. त्यातले प्रभाकरराव म्हणून विमा कंपनीतले एक गृहस्थ परवा सांगत होते की रविवार आला की मुंबईच्या माणसाला काय करावं ते कळत नाही. चौपाटी पाहून झाली, राणीची बाग पाहून झाली. मी म्हटलं, मग आमच्या आत्याच्या गावाला चला. त्यांनी विचारलं, तिथे पाहण्यासारखं काय आहे? आत्या, लहानपणापासून सुट्टीत तुझ्याकडे आलेला मी, पण मला तेव्हा एक शब्द सांगता आला नाही. घरी येऊन विचार करू लागलो तर संपेचना. खाडी आहे, होडी आहे, मिठागर आहे, मिठाचे पांढरे ढीग आहेत, बगळे आहेत, थंडीत मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी आहे, आणि तुझ्या हातचं कालवण आहे. एवढं वैभव असून जुवेपाड्याला फक्त पोस्टमन येतो, तोही तोंड वाकडं करून.

म्हणून मी 'रविवार सहल मंडळ' काढायचं ठरवलं आहे. डोंबिवलीला उतरायचं, शेतांतून चालत बंदरावर यायचं, होडीनं तुमच्याकडे. मिठागर पाहायचं, तुझ्या ओटीवर जेवायचं, बांधावर बसायचं, उन्हं उतरली की परत. वर्गणीतून तुझा सगळा खर्च निघेल आणि गावातल्या इतरांनाही चार कामं मिळतील.

हसू नकोस. गावातली पोरं एकेक करून कारखान्यांकडे चालली आहेत. बाहेरची माणसं गाव बघायला येऊ लागली, तर गावातल्या माणसांनाही त्यात काही आहे असं वाटू लागेल. आतोबांना विचार आणि लगेच कळव.

काळूचा काही पत्ता लागला का?

तुझा,
पंढरी

*

जुवेपाडा,
२६ नोव्हेंबर १९५३

चि. पंढरीस आत्याचा आशीर्वाद.

चुलीवर भात होता. तू उतरवायला सांगितलंस ते वाचेपर्यंत तो लागला होता. तुझा बेत असा सुरू झाला आहे, पुढचं देव जाणे.

तुझ्या आतोबांना पत्र वाचून दाखवलं. कल्याणच्या शाळेत चार इयत्ता शिकल्याचा एवढाच उपयोग, गावात येणारी सगळी पत्रं मलाच वाचावी लागतात. हे फावडं धूत होते. म्हणाले, "आमचा मीठ बगाया मानसा येनार? मंग उंद्या चिखल बगाया पन येतील." मी म्हटलं, चिखलच बघायला येणार आहेत. मीठ काय, त्यांच्या घरी डब्यात असतंच. त्यावर ते फावडं घेऊन निघून गेले. हल्ली ते कशावरच फार बोलत नाहीत.

काळूचं तू विचारलंस. तुला कुणीतरी अर्धवट सांगितलं असेल, म्हणून एकदाच लिहिते आणि मग पुन्हा विचारू नकोस.

गेल्या होळीच्या उधाणाला उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर करायच्या दारावर, काळूची पाळी होती. तो न सांगता ठाण्याला कारखान्यात नोकरीचं विचारायला गेला. भरती चढली, बांधाला खांड पडली आणि हंगामाचं सगळं मीठ पाण्यात गेलं. संध्याकाळी काळू परत आला तो नोकरी लागल्याचे पेढे घेऊन. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. यांनी उरलेल्या ढिगातलं मूठभर मीठ उचललं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यो पोर या घरान घरचा म्हनून जेवला, तं त्या दिसापासून मी मीठ खानार नाय." आपल्या आगऱ्यांत मीठ हातात घेऊन बोललेलं मागे घेता येत नाही. काळूनं पेढे उंबऱ्यावर ठेवले आणि आल्या पावली गेला. कुठला कारखाना, ते सांगायलाही थांबला नाही.

म्हणजे बघ, बाप अळणी जेवेल म्हणून मुलगा येत नाही, आणि बोललेलं गिळता येत नाही म्हणून बाप बोलावत नाही. दोघांचं एकमेकांवर एवढं प्रेम, आणि मधल्यामध्ये उपास मला. माझं दुसरं काही मागणं नाही पंढरी. तो एकदा माझ्या हातचं जेवावा.

तुझ्या पाहुण्यांना आण. घर फार मोठं झालंय, चार माणसं बोलली तर बरं वाटेल.

तुझी,
आत्या

*

ठाणे,
२३ डिसेंबर १९५३

ती. आत्यास नमस्कार.

पहिली सहल पार पडली. सगळे खूश आहेत. प्रभाकरराव तर कचेरीत होडीचं वर्णन करत सुटले आहेत. पण आत्या, आता भाचा म्हणून नाही, मंडळाचा चिटणीस म्हणून लिहितो, राग मानू नकोस.

कल्याणच्या मांडववाल्याकडून खुर्च्या कशाला आणल्यास? वीस खुर्च्या होडीतून आणताना आतोबांनी किती शिव्या दिल्या असतील याची मला कल्पना आहे. आणि शिरापुरी? आणि बेकरीची बिस्किटं? ही माणसं रोज खुर्चीवर बसतात आणि रोज बिस्किटं खातात. ती तुझ्याकडे आली ती तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण आणि जमिनीवर बसणं यासाठी. एका बाईंनी मला हळूच विचारलं, "इथे मासे मिळत नाहीत का हो?" खाडीच्या मधोमध बसून माझ्यावर ही वेळ यावी?

बाकी मिठागर सगळ्यांना आवडलं. आतोबा एक शब्द बोलले नाहीत तरी लोक त्यांच्याभोवती उभे राहून मीठ ओढायचं बघत होते. होडीवाल्या गुणाजीनं बांधावर बाक करून देतो म्हटलंय, त्याला लाव कामाला.

आणि सगळ्यात जास्त आवडलं ते तुझं स्वागत. दारात उभी राहून तू एकेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकलास, पायांवर पाणी घातलंस, त्यानं बायकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. हे तुला सुचलं कसं? मी पुढच्या हँडबिलात घालणार आहे, 'पारंपरिक पद्धतीने स्वागत'.

तुझा,
पंढरी

*

जुवेपाडा,
३० डिसेंबर १९५३

चि. पंढरीस आशीर्वाद.

चिटणीससाहेब, पाहुण्यापुढे भाकरी ठेवली तर या घरात काही उरलं नाही असं लोक म्हणतात. तुमच्या मुंबईत उलटं असेल तर तसं आधी सांगायचं. खुर्च्या परत पाठवल्या. बिस्किटं आम्ही दोघं अजून खातोय.

आता पुढच्या खेपेला भाकरी, कोलंबी, वालाचं बिरडं आणि पोपटी. शेंगांवर घालायला भांबुर्ड्याचा पाला सगुणा आणून देणार आहे. सगुणा म्हणजे गुणाजीची बायको, तुला आठवत असेल, लहानपणी तुला खेकडा दाखवून रडवणारी. तिनं सुक्या मासळीच्या जुड्या बांधून ठेवल्यात, पाहुण्यांनी नेल्या तर न्याव्या म्हणून. गुणाजीचा बाकही तयार आहे. त्यावर पहिल्यांदा गुणाजीच झोपला.

भाकरतुकड्याचं काय विचारतोस? माणूस खाडी ओलांडून येतो, वाऱ्यापावसाची, माणसाजनावराची नजर असते. उतरवून टाकलेली बरी. त्यात सुचायचं काय आहे.

हँडबिलात गावाचं नाव ठळक छाप.

तुझी,
आत्या

*

ठाणे,
२० जानेवारी १९५४

ती. आत्यास नमस्कार.

दोन गोष्टी. एक लहान आणि एक मोठी. लहान आधी सांगतो, नाहीतर मोठी वाचल्यावर तू हिच्याकडे बघणार नाहीस.

रविवारच्या सहलीत हरिहरपंत म्हणून एक पेन्शनर होते. त्यांची तक्रार आहे की भाकरतुकडा होईपर्यंत माणसं उन्हात तिष्ठत राहतात, शिवाय स्वतंत्र भारतात नजरबिजर कशाला. इतरांना आवडतं हे खरं, पण वेळ जातो हेही खरं. तर तू पुढे उभ्या असलेल्या एखाद्यावरून ओवाळून टाकत जा आणि बाकीच्यांना सरळ आत घे. पोपटीला जास्त वेळ मिळेल. मडकं फोडून शेंगांची वाफ वर आली तेव्हा हरिहरपंतसुद्धा उकिडवे बसले होते, ते मी पाहिलं आहे.

आता मोठी गोष्ट.

परवा छापखान्यात काळू आला.

हातात आपलं हँडबिल होतं. कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलेलं त्यानं सोडवून आणलं होतं, कोपरा फाटलेला. मला म्हणाला, "पंढरीदादा, हे आपल्याच जुवेपाड्याचं काय?" तो इथेच ठाण्यात फिटरच्या हाताखाली आहे, चार मुलांबरोबर एका खोलीत राहतो. थोडा बारीक झालाय, पण तब्येत बरी आहे. त्यानं पहिलं विचारलं ते यंदा बांध कुणी बांधला. मग आतोबांचा खोकला. मग तू. तुझं नाव घेतलं आणि टेबलावरचे छपाईचे खिळे इकडून तिकडे करू लागला.

मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, बाप आहे, दोन शब्द बोलेल आणि गप्प होईल. तो म्हणाला, "बाबा बोललेले, ते करनारच. मी घरी जेवलो आन त्यांनी मीठ सोडला, तं मना घास उतरंल का?" मी एक तास डोकं फोडलं. तो उठून गेला. पण हँडबिल खिशात घालून गेला.

तू सांग, आता काय करू?

तुझा,
पंढरी

*

जुवेपाडा,
२४ जानेवारी १९५४

चि. पंढरी,

तुझं पत्र दुपारी आलं. मी घेऊन मागल्या दारी बसले. हे घरी नव्हते ते बरं झालं.

आता तुला खरं सांगते. भाकरतुकडा पाहुण्यांवरून कुणी ओवाळतं का रे? एवढा शिकलास, लग्न झालं, तुझ्या घरात उद्या पाळणा हलेल, आणि तुला हे माहीत नाही. तो लांबून घरी परत आलेल्या आपल्या माणसावरून ओवाळतात. तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच माझ्या मनात आलं, इतकी तोंडं इथे येणार, एखाद्या रविवारी त्यांच्यात मान खाली घालून माझा काळू येईल. त्याच्या एकट्यावरून ओवाळला तर तो घरचा ठरेल. सगळ्यांवरूनच ओवाळला तर कुणाला काय कळतंय? म्हणून मी वीस-वीस माणसांवरून भाकरीचे तुकडे उधळते आहे. कावळे माजलेत आमच्याकडचे.

तेव्हा तुझ्या हरिहरपंतांना छत्री दे. तुकडा बंद होणार नाही.

आणि काय करू म्हणून विचारतोस, तर ऐक. हे काय बोलले होते? "घरचा म्हणून जेवला तर." पाहुणा म्हणून जेवला तर मीठ सोडायचं कारण नाही. शब्द त्यांचेच आहेत, मी फक्त नीट ऐकले. काळूकडून सगळ्यांसारखी वर्गणी घे, नाव लिही, होडीत बसव आणि आण. ओटीवर पंगतीत बसेल, जेवेल, आणि सगळ्यांबरोबर परत जाईल. मी त्याला हाक मारणार नाही, जवळ घेणार नाही. त्याला सांग, आई पाहुण्यासारखंच वागवेल. मला जमेल.

तुझी,
आत्या

*

(पोस्टकार्ड)

ठाणे, ३ फेब्रुवारी १९५४

ती. आत्यास नमस्कार. येत्या रविवारी मंडळ येत आहे. गेल्या वेळच्यापेक्षा एक पाहुणा जास्त आहे. त्याला भाकरी कडक लागते. पंढरी.

*

जुवेपाडा,
९ फेब्रुवारी १९५४

चि. पंढरीस अनेक आशीर्वाद.

तू होतास, पण तू सगळा वेळ लोकांना बगळे दाखवत होतास. म्हणून लिहिते.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. होडी नेहमी गुणाजी आणतो. त्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "आज मी जातंय." दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि वल्हं घेऊन निघाले. होडी परत आली तेव्हा मी दारात भाकरी घेऊन उभी होते आणि मला कोण कुठे बसलंय ते दिसेना.

मग तुम्ही एकेक करून वर आलात. तो शेवटून दुसरा होता. तुकडा ओवाळताना माझा हात त्याच्या केसांना लागला. लावला नाही, लागला. पायांवर पाणी घालताना दिसलं की डाव्या अंगठ्याला जखम झालीय आणि चिंधी बांधलीय. माझ्या तोंडून, "कसं लागलं हो?" एवढंच गेलं. तो म्हणाला, "कारखान्यात. बरं आहे आता." आईशी असं पुस्तकातलं बोलताना त्याचे कान लाल झाले.

पंगतीत मी त्याला वाढलं. "घ्या ना, अजून एक घ्या," म्हटलं. ज्याला चमच्यानं पेज पाजली त्याला अहोजाहो करायचं म्हणजे काय ते मला विचार. त्यानं तीन वेळा कालवण घेतलं, मान वर केली नाही. तुमचे प्रभाकरराव त्याला म्हणाले, "तुम्हाला खाडीचे मासे मानवतात वाटतं," आणि मला एकदम हसू फुटलं, म्हणून मी आत पळाले. आत जाऊन रडले, ते निराळं.

यांनी ओळखलं की नाही, मला कळलं नाही. ते दूर मिठाच्या ढिगापाशी पाठमोरे उभे होते. जेवायला बसले तेव्हा कालवणात मीठ घालून घेतलं, नेहमीसारखं. म्हणजे शपथ मोडली नाही.

माझा मुलगा माझ्या हातचं जेवला, पंढरी. तुझं मंडळ शंभर वर्षं चालो.

तुझी,
आत्या

*

ठाणे,
२२ फेब्रुवारी १९५४

ती. आत्यास नमस्कार.

काळू परतीच्या गाडीत दिवा स्टेशन जाईपर्यंत खिडकीतून खाडीकडे बघत होता. मग म्हणाला, "आई थकली." ७ मार्चच्या सहलीला त्यानं सगळ्यांच्या आधी नाव दिलंय.

आतोबांची काळजी करू नकोस. त्यांनी ओळखलेलं नाही, मी छातीठोक सांगतो, कारण मी होडीतच होतो. काळू काठावर बसायला गेला तर म्हणाले, "पावनं, मधी बसा. होरी हालतं." आणि वर विचारलं, "पवता येतं का?" काळू म्हणाला, "थोरा थोरा येतं." ज्या पोराला त्यांनी स्वतः खाडीत टाकून पोहायला शिकवलं, त्याला हे विचारतील का? नजर कमी झाली आहे त्यांची. कल्याणच्या डॉक्टरकडे डोळे दाखवून आण.

मंडळाचं नाव होतंय. ठाण्याचे दोन शिक्षक मुलींना मिठागर दाखवायला आणू म्हणतात. बंदरावर दगडाचा धक्का व्हावा म्हणून अर्ज करतो आहे, गावातल्या सगळ्यांचे अंगठे लागतील. ७ तारखेला मी मात्र येणार नाही. हेमाचं डोहाळजेवण आहे. प्रभाकरराव मंडळी घेऊन येतील.

तुझा,
पंढरी

*

जुवेपाडा,
१० मार्च १९५४

चि. पंढरीस आणि चि. सौ. हेमाला आत्याचे आशीर्वाद.

सुके बोंबील आणि वालाच्या शेंगा प्रभाकररावांबरोबर पाठवल्या आहेत, पोचल्या असतील. त्यांनी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे ती सगळी सहलीतलीच एक गंमत होती. म्हणून मी नीट सांगते.

अमावास्या नुकतीच झालेली, उधाण मोठं. भरती ऐन जेवणाच्या वेळेला. हे उघाडीवर होते, म्हणाले पाणी उतरल्याशिवाय जेवायला येत नाही. ओटीवर पंगत बसली होती. काळू टोकाच्या पानावर. मी भाकरी वाढत होते आणि तो खाडीकडे बघत होता. घास हातात तसाच. मग तो एकदम उठला. भरल्या पानावरून उठला रे, आणि ओरडला, "बाबा, वडाखालचा कोपरा. खांड पडतंय." आणि धावला.

गेल्या वर्षी फुटला होता तिथेच खेकड्यांनी पोखरलं होतं. उघाडीवरून तो कोपरा दिसत नाही, आपल्या ओटीवरून दिसतो. पण ओटीवर बसलेल्या वीस जणांत पाण्याचा रंग कळणारा तोच होता.

हे येईपर्यंत तो छातीइतक्या चिखलात उतरून पाठ लावून उभा होता. हे वरून चिखलाचे गोळे देत होते. "डाव्या अंगाला," "अजून दे," "पाय रोव," एवढंच चाललेलं. वर्षभर न बोललेली माणसं, पण बघणाऱ्याला वाटावं सकाळी एकत्रच कामाला निघाली होती. मी आणि सगुणा टोपल्या भरत होतो. तुझ्या पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमातला भाग. प्रभाकररावांनी पाटलोण गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि सगळे रांगेत उभे राहून गोळे पुढे देऊ लागले. हरिहरपंतसुद्धा. "पारंपरिक, पारंपरिक," म्हणत होते. मी त्यांचे उपकार विसरणार नाही. एवढे हात नसते तर बांध राहिला नसता.

पाणी उतरू लागलं. पाहुणे हातपाय धुऊन पुन्हा पानांवर बसले. काळू चिखलानं माखलेला अंगणात उभा. आपल्या पानाकडे जावं की नाही ते त्याला कळेना, कारण तोंडातून 'बाबा' निघून गेलं होतं, सगळ्यांसमोर. हे मागून आले. रहाटावरून पाणी काढलं आणि त्याच्या डोक्यावर ओतलं, लहानपणी घालायचे तसं. मग म्हणाले, "चल जेवाया. आत."

आत, म्हणजे चुलीपाशी. पाहुणा कधी चुलीपाशी जेवत नाही. काळू जागचा हलला नाही. म्हणाला, "बाबा, मी ओटीवर बसतो. तुमचा मीठ..."

तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, "मीठ पिकवतंय मी. खाल्लाच पायजे आसा कुनी सांगला?"

दोघे चुलीपाशी जेवले. मी ओटीवर पाहुण्यांना वाढत होते आणि मधूनमधून आत जाऊन बघत होते, दोघे खरंच आहेत ना म्हणून.

यांनी काळूला ओळखलं नाही असं तू छातीठोक लिहिलं होतंस. मागच्या खेपेला पाहुणे गेल्यावर हे ओटीवर बसले होते. मला म्हणाले, "त्या पंगतीतल्या शेवटल्या पोराला कालवन जास्त घाल. बारीक झालाय." मी तुला तेव्हा लिहिलं नाही, लिहिलं असतं तर तू येऊन दोघांना समोरासमोर उभं केलं असतंस. तुझं कडक भाकरीचं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं होतं, तेव्हाच त्यांनी ताडलं असणार. होडीत 'पवता येतं का' हे तर त्यांनी पोराचा आवाज ऐकायला विचारलं असणार. डोळे दाखवायचे तर तू तुझे दाखव.

शपथ मोडलेली नाही, तेही सांगून ठेवते. त्या दिवसापासून यांनी मीठ सोडलं आहे. मी म्हटलं, देवीला विचारू, काही तोड निघेल. म्हणाले, "तोड कशाला? मना झेपतंय." पाहुण्यांपैकी कुणी विचारलं तर डॉक्टरनं सांगितलंय असं सांगायचं ठरलं आहे. काळूला फार लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जायला निघाला तेव्हा यांच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठला नाही. नोकरी सोडतो म्हणाला. हे म्हणाले, सोडू नकोस, आठवड्याला ये, उधाण बघून ये.

आता मी कालवण केलं की मीठ टाकायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेवते. हे ती वाटी पुढे ओढतात, भाकरी मोडतात आणि पहिला घास घेताना काळूच्या पाटाकडे बघतात.

धक्क्याच्या अर्जावर सगळ्यांचे अंगठे घेतले आहेत. पहिला अंगठा यांचा. शाळेच्या मुलींना खुशाल आण, सगुणा त्यांना खेकडे दाखवेल.

तुझी,
आत्या

ता. क. पुढच्या रविवारी किती पाहुणे येणार ते वेळेवर कळव. त्यात काळूला धरू नकोस.